एफआरएमचा पहिला भाग की ग्रेड मिळणारा गणिताचा कोर्स? क्वांट मास्टर्सच्या अर्जाआधीचं एक वर्ष

इंजिनिअरिंग होऊन नोकरीला दोनेक वर्षं झालीत, जीआरईच्या गणिताच्या भागात गुण चांगले आलेत आणि क्वांट मास्टर्सच्या, म्हणजे फायनान्समधल्या गणिताच्या मास्टर्सच्या, यादीत कार्नेगी मेलनचं एमएससीएफ, बरूक, बर्कली, कूरांट अशी अमेरिकेतली नावं आहेत. अर्जाला वर्षभर अवकाश आहे. हाताशी संध्याकाळी आणि शनिवार-रविवार, तेवढाच काय तो वेळ. या टप्प्यावर पुण्यात पहिला सल्ला हमखास मिळतो तो ‘एफआरएम पार्ट वन देऊन टाक’ असा; म्हणजे फायनान्शियल रिस्क मॅनेजर या सर्टिफिकेटच्या दोन परीक्षांपैकी पहिली. मी तो ऐकला, पास झालो, अर्ज केले, जमलं नाही. पुढच्या वर्षी एका अमेरिकन विद्यापीठाचा प्रॉबॅबिलिटीचा ऑनलाइन कोर्स केला, क्रेडिट आणि ग्रेड देणारा. दोन्ही वाटा चालून झाल्यात, म्हणून लिहितोय.

आधी एफआरएमच्या बाजूने, कारण त्या सहा महिन्यांचं माझ्यावर ऋण आहे. मेकॅनिकलवाल्याला यील्ड म्हटलं की पोलाद आठवतं. बाँडचं यील्ड, ड्युरेशन, ऑप्शनचा डेल्टा-गॅमा हे सगळं मला तिथेच पहिल्यांदा नीट कळलं. ४ तास, १०० बहुपर्यायी प्रश्न, आणि बीए टू प्लस कॅल्क्युलेटरवर बोटं आपोआप चालायला लागेपर्यंत सराव. ‘इंजिनिअर असून फायनान्सकडे का?’ या प्रश्नाचं उत्तर एसओपीत (अर्जासोबतच्या निवेदनात) लिहिताना मला त्यामुळे ठोस काही तरी सांगता आलं. खराडीतल्या बँकांच्या ऑफिसांत रिस्कच्या टीममध्ये बदली हवी असेल, तर त्याचा उपयोग आहेच. कॉमर्सकडून आलेल्यांचं गणित वेगळं असेल, पण इंजिनिअरला बाजाराची भाषा शिकायची असेल तर ही वाट वाईट नाही.

मात्र अर्ज तपासणारा काय शोधतो, ते पाहा. पार्ट वनमध्ये क्वांटिटेटिव्ह अ‍ॅनालिसिसचा वाटा २० टक्के. निकालात गुण नसतात. पास की नापास, आणि प्रत्येक विषयात तुम्ही कोणत्या चतुर्थकात (चार समान गटांपैकी कोणत्या गटात) आहात, एवढंच. पूर्ण सर्टिफिकेटसाठी दुसरा भाग आणि दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे अर्जाच्या वेळी तुमच्याकडे असते ती रेझ्युमेवरची एक ओळ.

मला अडवलं ते अर्जातल्या एका तक्त्याने. काही विद्यापीठं गणिताच्या विषयांची वेगळी यादी मागतात: कोर्सचं नाव, कुठे केला, पुस्तक कोणतं, ग्रेड काय. एक ओळ मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलसची, एक लिनिअर अल्जेब्राची, एक डिफरन्शियल इक्वेशन्सची, एक प्रॉबॅबिलिटीची. आपल्याकडे काय असतं? एम-वन, एम-टू, एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्सचे तीन पेपर. एकट्या एम-थ्रीत डिफरन्शियल इक्वेशन्स, लाप्लास, व्हेक्टर कॅल्क्युलस आणि एका युनिटपुरती प्रॉबॅबिलिटी, आणि सगळ्याला मिळून एकच ग्रेड. मी तीन ओळींत ‘इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स-३’ हेच नाव लिहिलं. चौथ्या ओळीपाशी, प्रॉबॅबिलिटीच्या, बराच वेळ थांबलो. एफआरएम तिथे लिहिता येत नव्हतं, कारण तो कोर्स नाही. शेवटी तिथेही एम-थ्रीच लिहिलं. समोरच्याने ते वाचून काय समजावं?

त्याच वर्षी एक मुलाखत मिळाली होती. प्रश्न साधा होता: दोन रँडम व्हेरिएबल्स, दोन्ही नॉर्मल, त्यांची बेरीज नॉर्मल असेल का? मी लगेच हो म्हणालो. पोर्टफोलिओचा व्हेरिअन्स काढताना सहा महिने तेच तर करत होतो. ‘नेहमी?’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर पुढे कोर्समध्ये मिळालं, आणि ते दोन ओळींचं आहे. एक्स नॉर्मल घ्या, सरासरी शून्य असलेला. नाणं उडवा, छापा आला तर वाय बरोबर एक्स, काटा आला तर वाय बरोबर उणे एक्स. वायसुद्धा नॉर्मलच. पण बेरीज निम्म्या वेळा बरोबर शून्य येते, आणि नॉर्मल व्हेरिएबल असं एकाच आकड्यावर बसून राहत नाही. अट असते ती दोन्ही मिळून जॉइंटली नॉर्मल असण्याची. चार पर्यायांतून एक निवडण्याच्या तयारीत ‘नेहमी?’ असं विचारणारं मला कुणी भेटलं नाही. कोर्समध्ये मात्र दर आठवड्याला हाताने सिद्धता लिहून, स्कॅन करून पाठवायची, आणि ती ‘ही पायरी का?’ अशा शेऱ्यांसकट परत यायची.

पैशांचं म्हणाल तर दोन्हीकडे डॉलरच मोजावे लागतात, आणि क्रेडिटचा कोर्स बहुधा जास्त जड जातो. मला तो परवडला तो नोकरी होती म्हणून. इलिनॉय विद्यापीठाचं नेटमॅथ हा यातला ओळखीचा पर्याय. बरूकचे प्री-एमएफई (फायनान्शियल इंजिनिअरिंगच्या मास्टर्सच्या आधीचे) सेमिनार आहेत, तिथे क्रेडिट नाही, पण विषय नेमके हेच. खर्च झेपणारा नसेल तर आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमातला १२ आठवड्यांचा कोर्स घ्या, असाइनमेंटचे २५ आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे ७५. ट्रान्सक्रिप्टइतकं (विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्रिकेइतकं) त्याचं वजन नसेल कदाचित, पण प्रॉबॅबिलिटीच्या ओळीत लिहायला विषयाचं नाव आणि गुण तरी मिळतात. सी प्लस प्लसबद्दल इतकंच, की कॉम्प्युटरवाल्यांनी त्यात वर्ष घालवू नये. बाकीच्यांसाठी क्वांटनेट ही वेबसाइट आणि बरूक यांचा मिळून असलेला ऑनलाइन कोर्स पुरेसा आहे.

एका गोष्टीचा मी आधी विचारच केला नव्हता: एलओआर, म्हणजे शिफारसपत्र. सहा महिने माझ्या सिद्धता तपासणाऱ्या प्राध्यापकांनी पत्र द्यायला होकार दिला. माझ्या मॅनेजरच्या पत्रात मी मेहनती आहे असं होतं. प्राध्यापकांनी काय लिहिलं ते मी पाहिलेलं नाही, पण माझं गणित त्यांनी स्वतः तपासलं होतं. परीक्षा कितीही अवघड असली, तरी तिच्याकडून पत्र मागता येत नाही.

तुमच्या मार्कशीटवर प्रॉबॅबिलिटी आणि लिनिअर अल्जेब्रा स्वतंत्र विषय म्हणून असतील, म्हणजे बी.एस्सी. गणित किंवा संख्याशास्त्र केलेलं असेल, तर माझी अडचण तुम्हाला येणारच नाही. मग एफआरएम खुशाल द्या. एम-वन ते एम-थ्रीवाल्यांना मात्र मी कोर्सच सुचवेन. फक्त जून-जुलैत सुरू करा. बऱ्याच ठिकाणी अर्जांच्या पहिल्या फेऱ्या नोव्हेंबर ते जानेवारीत संपतात आणि ग्रेड त्याआधी ट्रान्सक्रिप्टवर यायला हवी. ऑक्टोबरात जाग आली असेल, तर त्या ओळीत ‘चालू आहे’ असं लिहून कोर्सचं नाव आणि पुस्तक द्या, आणि ग्रेड आली की विद्यापीठाला कळवा.