जांभळ्या उजेडाचे ५८ हजार

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानं आमच्या मालवण-तारकर्ली रस्त्यावरच्या खानावळीचे पत्रे नेले. कर्ज काढून हॉल पुन्हा उभा केला, चार स्प्लिट एसी लावले आणि दिवाळीच्या पर्यटकांची वाट बघत बसलो. तेवढ्यात तो विक्रेता आला, एसीत बसवायची, कोरोनाचे विषाणू मारणारी म्हणे, जांभळ्या दिव्यांची पट्टी घेऊन. इस्त्रीचा शर्ट, बॅगेत लॅमिनेट केलेली कात्रणं. त्यातलं एक तर खरंच होतं: चंडीगडच्या सीएसआयओ या सरकारी संस्थेची यूव्ही-सी, म्हणजे जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांची यंत्रणा संसद भवनाच्या एसी डक्टमध्ये बसवल्याची बातमी. "तेच तंत्र, साहेब, फक्त साइज लहान." एका एसीला १४,५०० रुपये.

मी अगदीच भोळा नव्हतो. अस्सल कशावरून, असं विचारलंच. त्यानं खिशातून पाचशेची नोट काढून त्या जांभळ्या उजेडात धरली. नोटेवरचा नंबर चमकला. मी गार! चार किट घेतले, ५८,००० मोजले. बिल म्हणून हाती आला साधा कागद, त्यावर जीएसटी नंबरसुद्धा नाही. दारावर 'यूव्ही सुरक्षित हॉल' असा स्टिकर लागला.

दीड वर्षानं कुडाळचा माझा पुतण्या एसी सर्व्हिसिंगला आला. तो हेच काम करतो. झाकण काढून हसायलाच लागला. "काका, ह्यो लायट नोटा तपासूचो. जंतू मारूचो नाय."

मग त्यानं समजावलं. पट्टीवर ३९५ नॅनोमीटर, म्हणजे उजेडाची तरंगलांबी, छापलं होतं. हीसुद्धा यूव्हीच, पण यूव्ही-ए. नोट चमकवायला ती पुरते. विषाणू मारायला वापरतात ती पाऱ्याची नळी २५४ नॅनोमीटरची यूव्ही-सी देते. साध्या काचेतून ती बाहेरच पडत नाही, म्हणून नळी क्वार्ट्झची किंवा खास काचेची लागते. शिवाय ती उघडी दिसता कामा नये. वेल्डिंग बिनचष्म्यानं बघितल्यावर रात्री डोळ्यांत वाळू टोचते ना, तोच प्रकार होतो. आणि तो विक्रेता मला वाकून बघा म्हणत होता! आणि खरी यूव्ही-सी असती तर दीड वर्षात आजूबाजूचं प्लास्टिक पिवळं पडून तडकलं असतं. आमचं नव्यासारखं होतं.

बरं, नळी खरी असती तरी? पंख्याचा वारा तिच्यासमोरून क्षणात निघून जातो, तेवढ्या वेळात काम व्हायचं तर उजेड तसा जबर हवा. नळी साधारण ९,००० तासांनी बदलायची, म्हणजे सतत चालवली तर वर्षभरात. यातलं अक्षर त्या विक्रेत्यानं उच्चारलं नव्हतं.

पैशांपेक्षा मला दुसरंच लागलं. स्प्लिट एसी बाहेरची हवा घेत नाही, खोलीतलीच फिरवतो. स्टिकरच्या भरवशावर मी समुद्राकडच्या सहाही खिडक्या बंद ठेवल्या, टेबलं जवळ घेतली आणि जानेवारी २०२२ च्या कोरोना लाटेतसुद्धा बिनधास्त पंगती उठवल्या. फुकटचा खारा वारा बाहेर आणि आम्ही आत एकमेकांचा श्वास घेत!

त्या विक्रेत्याचा नंबर बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला तर पहिला प्रश्न बिलाचा.

गेल्या महिन्यात वेंगुर्ल्याच्या एका हॉलवाल्याचा फोन आला. असाच एक जण आलाय, घेऊ का? मी एवढंच विचारलं, नोट काढून दाखवली का?

"हो," तो म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं?"