घटस्फोटानंतर मुलीचे शहर बदलताना: इंदूरच्या एका वकीलबाईंच्या कामाविषयी

आमचा परस्परसंमतीचा घटस्फोट इंदूरच्या कौटुंबिक न्यायालयात झाला, तेव्हा मुलीचा ताबा आईकडे आणि शनिवार-रविवारची भेट वडिलांना, एवढेच हुकूमनाम्यात लिहिले गेले. शहर बदलावे लागले तर काय, याविषयी त्यात एक ओळही नव्हती. पुढे तिच्या आईला पुण्यात चांगली नोकरी मिळाली, मुलीला बरोबर नेण्यासाठी तिने न्यायालयाची परवानगी मागितली आणि मला वकील शोधावा लागला. ज्या वकीलबाईंनी माझे काम पाहिले त्यांच्या सेवेचा हा अभिप्राय आहे. प्रकरण बंद दाराआड चाललेले असल्यामुळे आणि मुलीची ओळख उघड होता कामा नये म्हणून त्यांचे नाव देत नाही. मात्र अशा कामासाठी वकील निवडताना काय पाहावे, हे यातून कळू शकेल.

त्यांच्याआधी मी एका वकिलांना भेटलो होतो. मुलगी कोणत्या इयत्तेत आहे हेही न विचारता त्यांनी ‘ताबाच तुमच्याकडे आणून देतो’ असे सांगून टाकले. वकीलबाईंच्या पहिल्या भेटीत जवळजवळ सगळा वेळ मुलीविषयीच्या प्रश्नांत गेला: तिला शाळेत कोण सोडते, अभ्यासाला जवळ कोण बसते, आजारी पडली की रजा कोण घेते, पुण्यात तिच्या ओळखीचे कोण आहे, इंदुरात माझ्या आईशी तिचे किती जुळते. न्यायालयही याच गोष्टी तपासणार आहे, हे त्यांनी कायदा उघडून दाखवले. 1956 च्या हिंदू अल्पवयीनता व पालकत्व कायद्याच्या कलम 13 नुसार मुलाचे हित सर्वांत वर मानले जाते. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे हे कलम 6 मध्ये आहे, पण आमची मुलगी नऊ वर्षांची, तेव्हा तो मुद्दा नव्हता. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याचे कलम 17 मुलाचे वय, पालकाची वर्तणूक व कुवत आणि समज आलेल्या मुलाची स्वतःची इच्छा विचारात घ्यायला सांगते.

घटस्फोटानंतर मुलासह दुसऱ्या शहरी जाण्यासाठी हिंदू विवाह कायद्यात स्वतंत्र कलम नाही. कलम 26 खाली ताब्याचा आदेश बदलून मागायचा असतो. या संदर्भात त्यांनी विक्रम वीर वोहरा विरुद्ध शालिनी भल्ला हा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल माझ्यापुढे ठेवला. त्या प्रकरणात आईला नोकरीसाठी मुलाला ऑस्ट्रेलियात नेऊ दिले गेले, न्यायालयाने मुलाशी स्वतः बोलून त्याचा कल जाणून घेतला आणि वडिलांच्या भेटीचा हक्कही सांभाळला. आईला मूल किंवा नोकरी यांपैकी एकाची निवड करायला लावता येणार नाही, असा त्या निकालाचा सूर आहे. मला तो ऐकणे जड गेले, परंतु जो वकील पक्षकाराला त्याच्या विरुद्ध जाणारा निकाल आधी वाचायला देतो, त्याच्यावर विश्वास ठेवता येतो.

त्यानंतर त्यांनी विरोध करणे एवढ्यावर भर न ठेवता, मुलगी पुण्याला गेली तर तिच्या आयुष्यात बाप कसा उरेल याचा आराखडा तयार केला. माझ्या मते त्यांच्या सेवेचे खरे मोल या मसुद्यात आहे. ‘वाजवी भेटी’ असा मोघम शब्द त्यांनी कुठेही राहू दिला नाही. महिन्यातून एकदा मी पुण्याला जायचे. उन्हाळ्याची अर्धी सुटी इंदुरात. दिवाळी एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. गाडीचे किंवा विमानाचे भाडे कोणी द्यायचे आणि मुलीला स्टेशनावर कोणाच्या हाती सोपवायचे. शाळेचे प्रगतिपुस्तक आणि डॉक्टरांची कागदपत्रे दोघांनाही मिळायची. दोघांच्या लेखी संमतीवाचून परदेश प्रवास नाही. आणि पुन्हा शहर बदलायचे झाल्यास आधी लेखी सूचना. रंगपंचमीची गेर, म्हणजे इंदुरातली रंग उधळत निघणारी मिरवणूक, पाहायला मुलगी राजवाड्यावर असावी, अशी माझी फार इच्छा होती. तो दिवस वार्षिक परीक्षेच्या सुमारास येतो म्हणून वकीलबाईंनी ते कलम बदलले आणि त्यात ‘परीक्षा नसेल त्या वर्षी’ असे शब्द घातले. रोजच्या व्हिडिओ कॉलसाठी त्यांनी यशिता साहू प्रकरणातील 2020 च्या निकालाचा आधार घेतला. ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटे बोलता यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले आहे. आमच्या मसुद्यात त्या वेळेत आजीशी बोलणेही लिहून घेतले गेले.

न्यायाधीश मुलीशी आपल्या कक्षात बोलणार हे कळल्यावर वकीलबाईंनी मला एकच सूचना दिली, की तिला काहीही शिकवून पाठवायचे नाही आणि बाहेर आल्यावर काय विचारले हेही विचारायचे नाही. ही शिस्त त्यांनी समोरच्या वकिलांकडूनही मान्य करून घेतली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याप्रमाणे वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. म्हणून समुपदेशकासमोर आणि न्यायाधीशांसमोर स्वतः कसे बोलायचे, याची तयारीही त्यांनी करून घेतली. सहमतीने झालेल्या आदेशावर अपील चालत नाही, हे त्यांनी सही करण्यापूर्वी दोनदा बजावले आणि प्रत्येक कलम मराठीतून समजावले. परिस्थिती बदलल्यास आदेशात फेरबदल मागता येतो, मात्र मुलगी पुण्याची रहिवासी झाल्यावर पालकत्वाचा नवा अर्ज तेथील न्यायालयात जाऊ शकतो, हेही त्यांनी लपवले नाही. दुसऱ्या राज्यातील न्यायालयाकडून खटला इकडे वर्ग करून घ्यायचा तर सर्वोच्च न्यायालयात जावे लागते. हे आधी कळल्यामुळेच आराखड्यातील बारकाव्यांचा मी आग्रह धरला.

उणिवा आहेत आणि त्या दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. पेशीची, म्हणजे सुनावणीची, तारीख मुन्शींकडून (वकिलांच्या कारकुनाकडून) कळते आणि ती पुष्कळदा आदल्या संध्याकाळी कळते. नोकरदार माणसाला हे सोसत नाही. मसुदे न्यायालयीन हिंदीत असतात आणि माझ्या आईला ते समजले नाहीत, तिला मराठी प्रत मागूनही मिळाली नाही. फी कमी नाही, परंतु टंकलेखन, शपथपत्रे आणि नक्कल यांचा खर्च वेगळा लिहून दिला जातो, त्यामुळे हिशेबाबाबत तक्रार नाही. आदेशानंतर भेटीत अडथळा आला तर अंमलबजावणीचा अर्ज नवे काम म्हणून धरला जातो आणि त्याची फीही नवी असते. कामाला सुरुवात करतानाच हे लेखी ठरवून घ्यावे. समोरच्याला नामोहरम करण्यासाठी वकील हवा असेल, तर हे कार्यालय त्या कामाचे नाही आणि वकीलबाई तसे पहिल्याच भेटीत सांगतात.