प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेसाठी जर्मनीला जाऊन आलो, त्याला आता आठेक महिने झाले

जर्मनीतली शस्त्रक्रिया उत्तम झाली. नंतरचे महिने मात्र माझे मलाच निस्तरावे लागले. परदेशात उपचार घेऊन आलेले लोक विमानतळापासून डिस्चार्जपर्यंत भरभरून सांगतात आणि तिथेच थांबतात. म्हणून मी पुढचंच जास्त लिहिणार आहे.

मी गोव्यातल्या फोंड्याचा, साठी ओलांडलेला, निवृत्त. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) वाढलेला निघाला, मग एमआरआय, मग बायोप्सी, कर्करोगाची तीव्रता सांगणारा ग्लीसन गुणांक ३+४. म्हणजे मध्यम धोक्याचा आणि ग्रंथीपुरता राहिलेला आजार. अशा वेळी घरातले सगळे ‘उद्याच काढून टाका’ म्हणतात. ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ अभ्यासाने मला धीर दिला. त्यात १,६४३ पुरुष होते. शस्त्रक्रिया, रेडिएशन किंवा नुसती देखरेख, काहीही वाट्याला आलं तरी १५ वर्षांत या कर्करोगाने दगावलेले तिन्ही गटांत ३ टक्क्यांच्या आसपासच. २०२३ साली हे निष्कर्ष आले. माझ्या डॉक्टरांनी देखरेखीचा पर्यायही समोर ठेवला होता. मी शस्त्रक्रिया निवडली, पण चौकशीला वेळ आहे हे त्या आकड्यांमुळे पटलं.

मशीनसाठी परदेशी जायची गरज नाही. ही शस्त्रक्रिया करायचा दा विंची रोबोट मुंबईत आहे, बंगळुरात आहे. मी गेलो त्याचं एक कारण अगदी घरगुती: मुलगी हॅम्बुर्गला नोकरीला आहे, राहण्या-जेवणाची चिंता नव्हती. दुसरं कारण म्हणजे तिथे याच एका आजाराला वाहिलेली केंद्रं आहेत. हॅम्बुर्गचं मार्टिनी क्लिनिक २००५ पासून फक्त प्रोस्टेटच्या कर्करोगाचं काम करतं. मला सोयीची तारीख दुसऱ्या एका रुग्णालयात मिळाली, पण मला हवी असलेली ‘न्यूरोसेफ’ पद्धत तिथेही होती. लिंगाच्या ताठरतेसाठी लागणाऱ्या ज्या नसा ग्रंथीला दोन्ही बाजूंनी चिकटून जातात त्या वाचवायच्या, काढलेल्या ग्रंथीची नसांकडची कड ऑपरेशन चालू असतानाच गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची, आणि तिथे कर्करोग दिसलाच तर त्या बाजूची नस काढायची. २०२५ मध्ये या पद्धतीची ब्रिटनमधली चाचणी प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर ताठरतेची तक्रार नसलेले किंवा किरकोळ असलेले पुरुष ३९ टक्के, नेहमीच्या पद्धतीत २३ टक्के. फरक मोठा आहे, पण ३९ म्हणजे शंभर नव्हे, हेही वाचून ठेवा.

कागदपत्रांत सर्वात जास्त वेळ बायोप्सीच्या ब्लॉक्सनी, म्हणजे मेणात जपलेल्या तुकड्यांनी, खाल्ला. तिकडचे डॉक्टर नुसत्या रिपोर्टवर विसंबत नाहीत, त्यांना मेणातले मूळ ब्लॉक्स किंवा स्लाइड्स स्वतः बघायच्या असतात. लॅबकडे लेखी अर्ज करून ते मिळतात. एमआरआयचीही प्रिंट नको, सीडी मागून घ्या. गोव्याचे व्हिसा अर्ज मुंबईच्या जर्मन वकिलातीच्या अखत्यारीत येतात. रुग्णालयाचं पत्र, खर्चाचा अंदाज आणि आगाऊ पैसे भरल्याची पावती लागते. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा सक्तीचा आहे. ज्या एजंटाने तो काढून दिला त्याने ‘सगळं कव्हर होतं’ असं छातीठोकपणे सांगितलं. पॉलिसीत मात्र ठरवून केलेले उपचार आणि त्यांतून उद्भवणारी गुंतागुंत स्पष्टपणे वगळली होती. बारीक अक्षर मुलीने वाचलं म्हणून वेळेत समजलं आणि गुंतागुंतीसाठी वेगळे पैसे बाजूला ठेवता आले.

पैशांचं एकदाच सांगतो. तिकिटं धरून माझा हिशेब वीस लाखांच्या वर गेला. मुंबईत मला सांगितलेला खर्च याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी होता. आपली गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना मोठ्या कुटुंबालाही वर्षाला ४ लाखांपर्यंतच संरक्षण देते, त्यामुळे तिचा इथे विचारच नको. बँकेतून पैसे पाठवताना माझ्या वेळी, म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये, उपचारांसाठी १० लाखांच्या वरच्या रकमेवर ५ टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जात होता. तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर रक्कम अडकून राहते.

रुग्णालयाबद्दल तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी चालवलं, आठवड्याभराने कॅथेटर (लघवीची नळी) काढला, रिपोर्टमध्ये कडा स्वच्छ आल्या. जेवणाचं विचाराल तर संध्याकाळी थंड पाव आणि चीज. पेजेची आठवण आली म्हणायला लाज वाटत नाही. रक्त गोठू नये म्हणून पोटावर इंजेक्शनं टोचायला तिथल्या नर्सने शिकवलं. ती परतल्यावरही काही दिवस चालू होती. विमानात नेण्यासाठी डॉक्टरांचं पत्र लागतं, गोव्यात मोपा विमानतळावर उतरेपर्यंत ते हातातल्या बॅगेत ठेवा. आणि सीट पॅसेजकडचीच घ्या.

आता खरी गोष्ट. माझ्या शेजारच्या खाटेवरचा जर्मन गृहस्थ डिस्चार्जनंतर साधारण तीन आठवड्यांसाठी पुनर्वसन केंद्रात जाणार होता. त्यांच्या विम्यात ते बसतं: लघवी रोखणाऱ्या स्नायूंचे व्यायाम, फिजिओथेरपिस्ट, समुपदेशन. मला चार पानांची पुस्तिका मिळाली, तीही जर्मन. शस्त्रक्रिया त्याची आणि माझी एकच, पण त्याला पुढची बाजूही होती, माझ्याकडे नुसतं तिकीट.

फोंड्याला आलो तो ऐन पावसात. लघवी आपोआप गळायची, दिवसाला चार-पाच पॅड लागत. औषधाच्या दुकानात मोठ्यांचे डायपर मिळतात, पुरुषांसाठीचे लहान पॅड नाहीत; ते ऑनलाइन मागवले. जुलैच्या दमट हवेत त्यांनी जांघेत पुरळ उठतं, झिंक ऑक्साइडचं मलम आधीच आणून ठेवा. बाहेर पुरुषांच्या शौचालयात कचऱ्याचा डबा नसतो, वापरलेला पॅड पिशवीत घालून घरी आणावा लागतो. या एका गोष्टीमुळे मी कित्येक दिवस बाजारात जाणं टाळलं.

फिजिओथेरपिस्ट शोधताना गुडघे आणि कंबरवाले ढीगभर भेटले. शेवटी पणजीला एक बाई मिळाल्या, त्या बाळंतिणींसाठी हेच स्नायू बळकट करून घेतात. ‘पुरुष पेशंट फारसे येत नाहीत, पण स्नायू तेच,’ म्हणाल्या आणि कामाला लागल्या. मी पुस्तिकेतली चित्रं बघून श्वास रोखून पोट आवळत होतो, ते त्यांनी पहिल्याच भेटीत बंद केलं. उठताना, खोकताना, शिंकताना आधी आवळायचं, मग हालचाल करायची, हा एवढा एक धडा त्या महागड्या तिकिटाइतकाच कामाचा ठरला. जाण्याआधीच अशी व्यक्ती शोधून ठेवा, व्यायामही ऑपरेशनच्या आधीच शिकून घ्या.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, कसोटी लागली. माटोळी (गणपतीवर बांधायची फळा-पानांची चौकट) बांधायला पुतण्या चढला. मी नेहमीप्रमाणे आरतीला घुमट, म्हणजे आपलं मातीचं चर्मवाद्य, घेतलं. घुमट पोटाशी धरून वरच्या पट्टीत गायचं म्हणजे ओटीपोटावर किती दाब येतो, हे तोवर कधी लक्षातच आलं नव्हतं. दुसऱ्या आरतीला घुमट भावाकडे दिलं आणि कासाळें (झांजा) वाजवत उभा राहिलो. दिवाळीपर्यंत दिवसाला एक पॅड, आता बहुतेक दिवस तोही नाही. दूरच्या प्रवासाला अजून लावतो.

ताठरतेबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. दोन्ही बाजूंच्या नसा वाचल्या, टाडालाफिलची गोळी रोज चालू आहे, सुधारणा आहे, पूर्वीसारखं नाही. नसा सावरायला दीड-दोन वर्षंही लागू शकतात. डॉक्टरांच्या खोलीत बायकोलाही बरोबर बसवा. आम्ही बसलो, त्यामुळे नंतर घरात उगाच गैरसमज झाले नाहीत.

पीएसए आतापर्यंत मोजण्याच्या पातळीखाली आहे. तपासणी एकाच लॅबमध्ये करतो, कारण लॅब बदलली की पद्धत आणि किमान मर्यादा बदलते आणि रिपोर्ट बघून विनाकारण झोप उडते. जर्मनीला रिपोर्ट ईमेलने पाठवतो, उत्तर सभ्य आणि त्रोटक येतं. प्रत्यक्ष पाहतात ते इथलेच युरॉलॉजिस्ट. त्यांना मी निघण्याआधी सगळं सांगितलं होतं, म्हणून परतल्यावर त्यांनी तोंड फिरवलं नाही.

मडगावचा एक मित्र सध्या याच वाटेवर आहे. त्याच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, तेव्हा जर्मनीत फुकट होईल अशी त्याची समजूत होती. नुसत्या पासपोर्टवर काही मिळत नाही. पोर्तुगालच्या आरोग्य व्यवस्थेत नाव असेल तर युरोपीय आरोग्य कार्ड मिळतं, पण तेसुद्धा प्रवासात अचानक लागणाऱ्या उपचारांसाठी. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला आधी तिकडची मंजुरी, म्हणजे एस-२ फॉर्म लागतो. त्याची मुलं मुंबईत असतात. मी त्याला मुंबईच सुचवली आणि पणजीच्या त्या बाईंचा नंबर दिला.