घडीचे सौर पॅनेल : रतनगड ते हरिश्चंद्रगड वाटेवरचा अनुभव

सौरऊर्जेवर पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ‘सोलर इम्पल्स २’ हे विमान मार्च २०१५ मध्ये अहमदाबादला उतरले, तेव्हापासून त्याच्याविषयी आंतरजालावर जे काही सापडेल ते वाचायचे आणि भटकंतीतल्या सोबत्यांना पाठवायचे, असा माझा क्रम आहे. याच वाचनाच्या ओघात सॅकला अडकवता येईल असे चार घड्यांचे, २८ वॉटचे सौर पॅनेल माझ्या पाहण्यात आले आणि सुमारे ४,५०० रुपयांना मी ते मागवले. दोन हिवाळे ते सह्याद्रीत वापरल्यावर हे परीक्षण लिहीत आहे.

विक्रीच्या पानावर पाठीवर पॅनेल उलगडून चालणाऱ्या गिर्यारोहकाचे छायाचित्र आहे आणि ‘चालता चालता चार्जिंग’ असे त्याखाली म्हटले आहे. डिसेंबरात रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जाताना मी नेमके तेच केले आणि तीन तासांत पॉवर बँकेचा एकही दिवा वाढला नाही. कारण मुक्कामावर होकायंत्र काढल्यावर लक्षात आले. ही वाट ढोबळमानाने दक्षिणेकडे जाते आणि हिवाळ्यात आपल्याकडे सूर्यही दिवसभर दक्षिणेच्या बाजूलाच असतो, त्यामुळे ऊन चालणाऱ्याच्या छातीवर पडते आणि पाठीवरचे पॅनेल उत्तरेकडे तोंड करून राहते. त्यातच खिंडीच्या आसपास झाडी आहे, आणि पॅनेलमधले सौरघट (सेल) एकापुढे एक असे साखळीने जोडलेले असल्यामुळे एखाद्या फांदीची सावली एका घटावर पडली तरी साऱ्या ओळीची वीज घसरते.

हेच पॅनेल विसाव्याच्या वेळी मात्र अगदी वेगळे वागते. दुसऱ्या दिवशी कुमशेतच्या पुढे दुपारी एका कातळावर ते सपाट पसरले, तेव्हा सोबतच्या छोट्या मीटरवर १२ वॉटच्या आसपास आकडा दिसत होता; दक्षिणेकडे तोंड करून, सॅकच्या आधाराने ते सुमारे ४३ अंशांत उभे केले आणि तो १६-१७ वर गेला. डिसेंबरच्या मध्यान्ही आपल्या अक्षांशावर सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंशांपर्यंतच चढतो, म्हणून पॅनेल एवढे उचलले की ऊन त्यावर काटकोनात पडते. २८ वॉट मला कधीच मिळाले नाहीत आणि मिळण्याची अपेक्षाही कोणी ठेवू नये, कारण हा आकडा प्रयोगशाळेत घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस ठेवून, प्रखर आणि सरळ प्रकाशात मोजलेला असतो. कातळावर तापलेला घट त्याच्या कितीतरी वर जातो, प्रत्येक अंशामागे सुमारे एक तृतीयांश टक्का वीज घटते, आणि यूएसबीसाठी व्होल्टेज ५ वर आणतानाही थोडी वीज खर्ची पडते. विकत घेणाऱ्याने छापील आकड्याचे ६० टक्केच हिशेबात धरावेत.

या पॅनेलला फोन थेट जोडू नये, हे मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे. ढगाचा एक तुकडा आडवा आला की वीज तुटते, आणि ऊन परतल्यावरही काही फोन केबल काढून पुन्हा लावल्याशिवाय चार्ज होत नाहीत. ‘सोलर इम्पल्स २’वर १७,२४८ सौरघट होते, तरीही जपानमधील नागोया ते हवाई हे सुमारे ११८ तासांचे उड्डाण पार पडले ते रात्री उपयोगी पडणाऱ्या बॅटऱ्यांमुळे. आपणही पॉवर बँक भरावी आणि फोन, डोक्यावरची विजेरी व कॅमेरा संध्याकाळी गुहेत बसून त्यावर चार्ज करावेत. १०,००० एमएएचच्या बँकेत सुमारे ३७ वॉट-तास मावतात. दीड तासाच्या दुपारच्या विसाव्यात, सगळी तूट धरूनही, माझ्या फोनची पाऊण बॅटरी भरेल एवढी वीज जमते. त्याच उड्डाणात विमानाच्या बॅटऱ्या अतितापल्या आणि ते २०१६च्या एप्रिलपर्यंत हवाईतच अडकले. हे लक्षात ठेवून बँक कधीही उन्हात ठेवू नये. उभ्या केलेल्या पॅनेलच्या मागच्या सावलीत ती उत्तम राहते.

रचना बहुतांशी विचारपूर्वक केलेली आहे. वजन साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास आहे, घडी वहीएवढी होते आणि कडेची छिद्रे पुरेशी मोठी असल्याने दोरीने झाडाला बांधता येते. सोबत आलेली केबल मात्र इतकी आखूड आहे की बँक सावलीत पोहोचतच नाही, म्हणून मीटरभर लांबीची केबल वेगळी घ्यावी लागली. घटांवर पाणी पडलेले चालते, परंतु यूएसबीचा खिसा नुसत्या चेनचा असल्यामुळे त्यात पाणी जाते. अर्थात, जून ते सप्टेंबर सह्याद्रीत हे ओझे वाहण्याचे काही कारणच नाही.

एक-दोन दिवसांच्या भटकंतीसाठी, किंवा मुक्काम गावातल्या घरी असेल तर, हे घेऊ नये. भरलेली पॉवर बँक हलकी, स्वस्त आणि पुरेशी असते, आणि न वापरता कपाटात पडून राहणाऱ्या पॅनेलने पर्यावरणाचेही काही भले होत नाही. तीन दिवसांहून अधिक काळ गडांवरच्या गुहांत मुक्काम करणाऱ्या गटाने मात्र सर्वांत मिळून एक जरूर घ्यावे. आत बॅटरी नसल्यामुळे ते लवकर निकामी होण्याची भीती कमी आहे. दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या पॅनेलची मधल्या घडीवरची शिवण उसवली होती. सॅक दुरुस्त करणाऱ्या कारागिराने तारेला धक्का न लावता ती जाड दोऱ्याने पुन्हा घातली, आणि त्यानंतर मीटरवरचा आकडा पूर्वीइतकाच आला.