मालगाडीचा माग : रेल्वेची फॉईस सेवा

प्रवासी गाडीला कायमचा क्रमांक असतो, परंतु मालगाडी बहुधा माल भरेल तशी सुटते. म्हणूनच भारतीय रेल्वेसाठी क्रिस या रेल्वेच्याच संगणक-माहिती संस्थेने उभारलेली फॉईस ही मालवाहतुकीची माहिती देणारी संगणकीय सेवा व्यापाऱ्याला फार मोलाची वाटते. आपल्या मालासाठी मिळालेला एफएनआर हा ओळख क्रमांक टाकला की आपला माल कोठवर पोहोचला, हे कळते.

या सेवेचा खरा पाया मात्र वाघिणीच्या, म्हणजे मालडब्याच्या, अंगावर रंगवलेला अकरा अंकी क्रमांक आहे. उदाहरणार्थ, १००११४२३५७६ या क्रमांकात १० हा उघड्या वाघिणीचा प्रकार, ०१ म्हणजे मध्य रेल्वे, १४ हे बांधणीचे वर्ष आणि २३५७ हा तिचा स्वतःचा क्रमांक. शेवटचा ६ पडताळणीचा : पहिल्या दहा अंकांपैकी सम स्थानांवरील अंकांच्या बेरजेची तिप्पट ४५, त्यात विषम स्थानांवरचे ९ मिळवून ५४, आणि दहाच्या पुढच्या पटीपर्यंत, म्हणजे ६० पर्यंत, उरतात ६. कोळशाच्या धुळीने माखलेला एखादा अंक चुकीचा वाचला गेला, तर ही बेरीज जुळत नाही आणि चूक तिथेच पकडली जाते. इतकी विचारपूर्वक केलेली रचना मला मनापासून आवडते. संक्षिप्त संकेतांची सवय होईपर्यंत नवख्याला थोडा धीर धरावा लागतो, एवढेच.