कॉफीपट्ट्यातला फिरता दवाखाना: एका तोडणी हंगामानंतरचा अनुभव

आंध्रच्या अराकू-पाडेरू भागात आमच्या संस्थेची दवाखान्याची गाडी पावसाळा संपल्यापासून फिरते आहे. मी तिच्यावर नर्स आहे. अशी गाडी घ्यायच्या विचारात असलेले लोक आधी यंत्रांची यादी मागतात, म्हणून सविस्तर लिहिते.

हा भाग 2022 मध्ये झालेल्या अल्लूरी सीताराम राजू जिल्ह्यात येतो. इथे आदिवासी कुटुंबांची थोडीथोडी कॉफी आहे, सिल्व्हर ओकच्या सावलीत, आणि त्या झाडांवर मिरीचे वेल. पाडे डोंगरउतारावर विखुरलेले. रस्ता संपतो तिथे गाडी थांबते, आणि त्याच्या वरच्या पाड्यांतून आजारी माणसाला आजही डोलीत घालून खाली आणावं लागतं. 'दवाखाना तुमच्या दारी' असं गाडीवर रंगवलेलं असलं तरी हे ध्यानात ठेवा.

सगळ्यात मोठा फरक पडला तो वेळेमुळे. नोव्हेंबर ते जानेवारी तोडणी जोरात असते. सकाळी दहाला पोचलं की पाड्यात म्हातारी माणसं आणि लहान पोरं तेवढी भेटायची. आठवडी बाजाराच्या दिवशी बाजाराशेजारी आणि इतर दिवशी दुपार कलल्यावर गाडी उभी करायला लागलो, तेव्हा कुठे कामाच्या वयाच्या बाया येऊ लागल्या.

आता यंत्रांबद्दल. बीपीचं यंत्र आणि हिमोग्लोबिन मीटर उत्तम चालले. साखर मोजायच्या मीटरला मात्र सांभाळावं लागतं. डिसेंबरात पहाटे इथे पारा दहाच्या खाली जातो आणि मीटर तापमानाची एरर दाखवून बंद पडतं. आम्ही ते स्वेटरच्या आत ठेवतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पिकलेल्या कॉफीच्या फळाचा गर गोड आणि चिकट असतो. मळ्यातून थेट आलेल्या एका बाईची साखर 260 दिसली. साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा पाहिली तर 104. बोटावर स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही. तेव्हापासून गाडीच्या दाराशी पाण्याचा कॅन आणि साबण कायम असतो. यंत्रांच्या यादीत या दोन वस्तू आधी लिहा.

सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराच्या, पेशंटसाठी तर गाडीचा ठरलेला वार म्हणजे आधार आहे. हायड्रॉक्सियुरिया ही त्यावरची गोळी रोज घ्यावी लागते, अधूनमधून रक्त तपासावं लागतं. एक फेरी चुकली की गोळ्या संपतात, आणि थंडीत दुखणं उसळलं की अंगाला हात लावू देत नाहीत ती पोरं. टायरसाठी गाडी गॅरेजमध्ये अडकली तेव्हा मी फार अस्वस्थ होते. आशाताईंच्या हाती गोळ्या पाठवल्या म्हणून निभावलं.

व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला घ्यायची सोय आहे, पण घाटात रेंज टिकत नाही. शिवाय डॉक्टर तेलुगूत विचारतात, आणि कोंध आदिवासी म्हातारी तिची कुवी भाषा बोलते. मध्ये आशाताई नसेल तर पडद्याचा उपयोग शून्य. तिला त्या दिवसाचा मोबदला द्या, फुकट राबवू नका.

मेळघाटात किंवा अशाच डोंगराळ भागात गाडी घेणाऱ्यांना माझं सांगणं: लहान, उंच चाकांची गाडी घ्या. एक्स-रेचा मोह सोडा आणि ते पैसे डिझेल, जादा ड्रायव्हर आणि पुढच्या फेरीच्या गोळ्यांसाठी राखून ठेवा.