शाई, स्टेन आणि रंग : बरेच महिने वापरल्यानंतर काय टिकलं, काय उतरलं

स्टॅम्पिंगच्या, म्हणजे हाताने बनवलेल्या कार्डांवर शिक्क्याने ठसे उठवायच्या शाईबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक शाईचं पॅड उघडल्याच्या दिवशीचं असतं. रंग किती खुलतो, ब्लेंडिंग, म्हणजे छटा एकमेकींत मिसळणं, किती मऊ होतं, ठसा किती स्वच्छ उठतो, एवढंच. कार्ड मात्र त्यानंतर पाकिटात जातं, कुणाच्या तरी कपाटावर उभं राहतं, उजेडात राहतं, दमट हवेत फुगतं. ज्याला ते मिळालंय तो माणूस ते जपून ठेवणार असतो. म्हणून हा अनुभव मी मुद्दाम उशिरा लिहितेय. डाय इंक, पिगमेंट इंक, अल्कोहोल इंक, ॲक्रिलिक, जलरंग आणि स्प्रे स्टेन हे सगळं मी आलटून पालटून वापरलं, आणि जुनी कार्डं अधूनमधून काढून पाहत राहिले.

सुरुवात डाय इंकपासून, कारण सगळ्यात जास्त वापर तिचाच होतो. डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग. तो कागदाच्या तंतूंत शिरतो, म्हणून पटकन सुकतो, ठसा रेखीव येतो आणि ब्लेंडिंग ब्रशने एका छटेतून दुसरीत अलगद जाता येतं. पार्श्वभूमी रंगवायला मला अजूनही यापेक्षा चांगलं काही सापडलेलं नाही. पण तंतूंत शिरलेला हा रंग उजेडापुढे फार टिकत नाही. एकाच कागदाच्या पट्ट्यांवर सगळ्या शाया लावून प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग मी जाड काळ्या कार्डस्टॉकने (कार्डांच्या जाड कागदाने) झाकला आणि पट्ट्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ठेवल्या. काही आठवड्यांतच झाकलेल्या आणि उघड्या भागांत रेघ दिसायला लागली. आधी गुलाबी उतरला, पाठोपाठ जांभळा. तपकिरी उतरताना हिरवट झाला, कारण त्यातला लाल आधी गेला. कार्बनवर बनलेल्या काळ्या शाईची पट्टी मात्र दोन्हीकडे सारखीच काळी राहिली.

याचा अर्थ डाय इंक वाईट असा मी काढलेला नाही. पाकिटात किंवा अल्बमात बंद राहणाऱ्या कार्डाला ती बेलाशक वापरावी. फ्रेममध्ये जाणार असेल, भिंतीवर लागणार असेल, तर त्या कामाला पिगमेंट इंक घ्यावी, तिच्याबद्दल पुढे येतंच. हा फरक पॅडच्या वेष्टनावर क्वचितच ठळक लिहिलेला असतो. 'आर्काइव्हल' (दीर्घकाळ टिकणारं), 'फेड रेझिस्टंट' (न उतरणारं) असे शब्द ज्याचा तो आपापल्या अर्थाने वापरतो, त्यामुळे आपली पट्टी आपण लावून बघितलेली बरी.

डाय इंकमध्ये पाण्याला दाद देणारा जो प्रकार आहे, म्हणजे रेंजर कंपनीच्या डिस्ट्रेस शाईसारखा, त्याची मजा वेगळीच आहे. जांभळ्या रंगाने झाकलेल्या कागदावर पाण्याचा एक थेंब टाका आणि नुसतं पाहत बसा. थेंबाखालचा रंग उठतो, पाण्याबरोबर बाहेर सरकतो आणि कडेला जाऊन साचतो. त्यात निळा पुढे धावतो, गुलाबी मागे रेंगाळतो. सुकल्यावर मधे फिकट गुलाबी गोल आणि भोवती निळसर कड दिसते. जांभळा हा एक रंग नसून दोन-तीन रंगांची मिळवण आहे आणि प्रत्येकाची कागदाला धरून राहण्याची ताकद वेगळी आहे, म्हणून हे होतं. प्रयोगशाळेत मिश्रणातले घटक वेगळे करायच्या क्रोमॅटोग्राफीत हेच तत्त्व वापरतात. कुठला रंग कसा फुटतो याची वही मी ठेवली आहे. फुटलेल्या कडा पाहून पार्श्वभूमीला साजेसा ठशाचा रंग निवडता येतो, आणि तो निवड केल्यासारखा न दिसता आतूनच आल्यासारखा दिसतो.

त्याच कंपनीची डिस्ट्रेस ऑक्साइड ही डाय आणि पिगमेंटची मिळवण आहे. पाणी मारलं की वर दुधाळ थर येतो. ढग, धुकं, जुनाट भिंत यांसाठी उत्तम. लख्ख, पारदर्शक रंग हवा असेल तर मात्र इथे हात घालू नका. ऑक्साइडवर ऑक्साइड चढवत गेलं की सगळं राखाडीकडे झुकतं.

आता पिगमेंट इंक. इथे रंगाचे बारीक कण कागदाच्या वर बसतात. रंग अपारदर्शक असतो, त्यामुळे गडद कार्डस्टॉकवर पांढरी पिगमेंट इंक उठून दिसते. डायला ते जमत नाही. सुकायला वेळ लागतो आणि गुळगुळीत, लेप दिलेल्या कागदावर तर ती बोटाला लागतच राहते. एरवी ही अडचण, पण एम्बॉसिंगला, म्हणजे ठशावर पावडर वितळवून उठाव आणायला, हाच सगळ्यात मोठा गुण ठरतो. ओलसर ठशावर पावडर चिकटते. मी व्हर्सामार्क नावाची शाई वापरते. तिला स्वतःचा रंग नाही आणि ती पावडर धरायला पुरेसा वेळ ओली राहते. ठसा उठवण्याआधी कागदावरून अँटिस्टॅटिक पावडरची पुरचुंडी फिरवायचीच, नाहीतर एम्बॉसिंग पावडरचे चुकार कण जिथे नको तिथे वितळून बसतात आणि नंतर निघत नाहीत. हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र) आधी नुसती तापू द्यावी, मग कागदाजवळ आणावी. दाणेदार, मंद दिसणारी पावडर एका टोकाकडून चकचकीत व्हायला लागते आणि ती चमक रेषेवरून पुढे सरकत जाते. चमक पुढे सरकली की गननेही पुढे सरकायचं. तिथेच रेंगाळलं तर पावडर कागदात मुरते आणि उठाव बसून सपाट तेलकट डाग उरतो.

ठशाची शाई आणि आत भरायचा रंग यांची जोडी हा विषय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नियम सरळ आहे: ठसा ज्यात विरघळतो, त्याच द्रावाने तो रंगवायचा नाही. अल्कोहोल मार्करने रंगवायचं असेल तर ठसा पाण्यावर आधारलेल्या डाय इंकचा हवा. मार्कर फिरला तरी रेष हलत नाही. जलरंग भरायचे असतील तर उलट, ठसा पाण्याला दाद न देणाऱ्या शाईचा हवा. स्टेझऑनसारखी सॉल्व्हेंट शाई (पाण्याऐवजी रासायनिक द्रावात बनवलेली) काच, ॲसिटेट (पारदर्शक प्लास्टिक), धातू यांवर घट्ट बसते, पण तिच्यावरून अल्कोहोल मार्कर नेला की रेषा पसरते. नवीन जोडी वापरण्याआधी त्याच कागदाच्या तुकड्यावर ठसा उठवावा, पूर्ण सुकू द्यावा आणि मग रंग फिरवून बघावा. यात 'पूर्ण सुकू द्यावा' हे शब्द फार महत्त्वाचे. वरून कोरडी दिसणारी शाई आत ओली असू शकते.

ॲक्रिलिकबद्दल माझं मत या महिन्यांत बदललं. रंग म्हणून ते भक्कम आहे. पाणी उडालं की त्यातलं पॉलिमर एकसंध पापुद्रा बनतं, मग पाण्याने हलत नाही, त्यावर कितीही थर चढवा. स्टेन्सिलमधून घट्ट पेस्ट ओढून उठावाचं काम करायला दुसरं काही इतकं सोयीचं नाही. पण हा पापुद्रा सुकल्यावरही किंचित मऊच राहतो. दोन रंगवलेले पृष्ठभाग समोरासमोर दाबून ठेवले, त्यात हवा उबदार आणि दमट असली, की ते एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना रंगाचा तुकडा निघून येतो. घडीच्या कार्डात आत दोन्ही बाजूंना ॲक्रिलिक असेल तर हमखास. रंग एकाच बाजूला वापरा, समोरची बाजू कोरी ठेवा, किंवा मधे बटर पेपरचा कागद घालून द्या. आर्ट जर्नलच्या (चित्रं-रंगांच्या वहीच्या) पानांवर मी वरून अगदी पातळ मेण घासते आणि मऊ फडक्याने पुसते. तेवढ्याने पानं सुटी राहतात. पातळ ॲक्रिलिक इंक हा प्रकार मात्र फार आवडला. पेनाने, ब्रशने, शिंतोड्यांनी कसाही वापरता येतो आणि सुकल्यावर त्यावरून जलरंग बिनधास्त फिरवता येतो. निब मात्र लगेच धुवायला हवी. आत सुकली तर ती गेलीच.

अल्कोहोल इंकवर थोडक्यात. शाई मुरणाऱ्या पृष्ठभागावर तिचा उपयोग नाही. युपोसारखा पॉलिप्रॉपिलीनचा कृत्रिम कागद, ॲसिटेट, चकचकीत फॉइल अशा न शोषणाऱ्या पृष्ठभागांवरच ती वाहते आणि पाकळ्यांसारखे आकार घेते. दिसते अप्रतिम. पण हीदेखील बहुतेक डायच, त्यामुळे उजेडाचा प्रश्न तोच. खिडक्या उघड्या ठेवून काम करावं आणि ओल्या शाईवर हीट गन कधीही धरू नये, आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ पेट घेते.

स्टेनमध्ये, म्हणजे कागदाला झाक देण्यात, दोन गोष्टी येतात. एक, अभ्रकाची चमक असलेले स्प्रे. बाटली तळापासून नीट हलवली नाही तर नुसतं रंगीत पाणी उडतं, आणि काम झाल्यावर नळीतून साधं पाणी दोन-चारदा मारलं नाही तर तोंड बुजतं. दुसरी गोष्ट, चहा-कॉफीने कागद जुना करणं. रंग सुंदर येतो, पण चहा-कॉफीतली आम्लं कागदातच राहतात आणि कागद वर्षानुवर्षं ठेवला की ठिसूळ होतो. त्यामुळे फोटो चिकटवायचा असेल तिथे मी हे करत नाही. जुनाट तपकिरी रंग हवा असेल तर पिगमेंटमधला बर्न्ट अंबर पातळ करून लावते. लोखंडी क्षारांची जुन्या पद्धतीची आयर्न गॉल शाईसुद्धा याच कारणाने फक्त मजकुरापुरती ठेवावी. जुन्या हस्तलिखितांत अक्षरांच्या जागी कागद खाल्लेला दिसतो तो तिनेच.

जलरंग घेताना नळीवरचं सुंदर नाव बाजूला ठेवून रंगद्रव्याचा क्रमांक वाचायची सवय लावून घेतली, आणि हा या सगळ्या काळातला सगळ्यात फायद्याचा बदल. पीबी 29 म्हणजे अल्ट्रामरीन, पीव्ही 19 म्हणजे क्विनाक्रिडोन, पीआर 83 म्हणजे अलिझारिन क्रिमसन. यातला शेवटचा 1868 मध्ये प्रयोगशाळेत बनवलेला, दिसायला राजस, पण उजेडात उतरणारा. त्याच छटेसाठी क्विनाक्रिडोन घेतलं की काम टिकतं. झगझगीत ऑपेरा गुलाबीत फ्लुरोसंट डाय असतो, त्याची झळाळी आधी जाते. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या पद्धतीने, रंग उजेडात किती टिकतो यासाठी नळीवर रोमन 'एक' किंवा 'दोन' दिलेलं असेल तर तो रंग भेटकार्डाला निर्धास्त वापरावा.

आणि हे सगळं ज्यावर उतरतं तो कागद. तीच शाई दोन कागदांवर दोन वेगळ्या शाया वाटतात. कागद कारखान्यातच साइझिंग करून, म्हणजे आतून आणि वरून कमी शोषणारा करून येतो. साइझिंग कमी असेल तर डाय लगेच पितो, ब्लेंडिंगला वेळच देत नाही आणि चट्टे दिसतात. 300 जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन 300 ग्रॅम) सुती, हॉट प्रेस्ड जलरंग कागद मला सर्वांत भरवशाचा वाटतो: गुळगुळीत असल्याने ठसा पूर्ण उठतो आणि पाणीही सोसतो. खरबरीत कोल्ड प्रेस्ड कागदाच्या खड्ड्यांत शिक्का पोचत नाही, तिथे पांढरे ठिपके राहतात. बाक हा दुसरा प्रश्न. एकाच बाजूने भिजलेला कागद ओल्या बाजूने वाढतो आणि सुकताना आक्रसून वळतो. मागच्या बाजूलाही पाण्याचा हलका फवारा मारून, दोन कोऱ्या कागदांमधे, जड पुस्तकांखाली रात्रभर ठेवला की सरळ होतो. मग तो कार्डस्टॉकवर दुतर्फी टेपने लावायचा. पाण्यावर आधारलेल्या गोंदाने लावला तर पुन्हा बाक येतो.

पॅड ठेवण्याबद्दल एवढंच: फेल्टचे डाय पॅड मी उलटे ठेवते, म्हणजे शाई वरच्या थराशी राहते. फोमचे पिगमेंट पॅड सरळ आणि घट्ट बंद ठेवते. रिफिलच्या बाटल्या मिळत असलेला प्रकारच घ्यावा; पॅड सुकला म्हणून फेकायची वेळ माझ्यावर आलेली नाही. आता नव्याने घेणार असेन तर पांढरी पिगमेंट, एक खात्रीची काळी जलरोधक, व्हर्सामार्क, डिस्ट्रेसचे मोजके रंग आणि क्रमांक पाहून निवडलेले जलरंग एवढंच घेईन. गुलाबी डाय इंकच्या बाकीच्या छटा, चमकीचे मोठे संच आणि अल्कोहोल इंकचे अनेक डबे परत घेणार नाही.